नाटक नेमकं कोण बंद पाडतं? मराठी रंगभूमीवरच्या बंदी, निदर्शनं आणि राड्यांची गोष्ट

मीरा-भाईंदरमध्ये आज लता मंगेशकर यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. ते होण्याआधी इथल्या रसिकांना मराठी नाटक बघायचं तर लोकल पकडून बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर गाठावं लागे, नाहीतर घोडबंदर रस्त्याने ठाण्याचं गडकरी रंगायतन. याच गडकरी रंगायतनात 4 जून 2008 रोजी बॉम्बस्फोट झाला. वाहनतळात ठेवलेल्या बॉम्बमुळे सात जण जखमी झाले. तिथे ‘आम्ही पाचपुते’ हे विनोदी नाटक लागलेलं होतं.

नाटकावरून कुणी बॉम्ब ठेवेल, हे तेव्हा अनेकांना खरं वाटलं नव्हतं. पण मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटक थांबवण्याचे प्रयत्न नवे नाहीत. कधी ब्रिटिश सरकारने थांबवलं, कधी परिनिरीक्षण मंडळाने, कधी नाटक करणाऱ्या संस्थेनेच आणि कधी नाट्यगृहाच्या दारात जमलेल्या गर्दीने. यातल्या कुणाला तसा अधिकार होता, कुणाला नव्हता आणि शेवटी काय झालं, हे समजून घेऊ.

थोडक्यात

- महाराष्ट्रात व्यावसायिक नाटकाचा प्रयोग करण्याआधी संहिता सरकारी मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते.
- ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या दोन गाजलेल्या नाटकांवरची सरकारी बंदी न्यायालयात टिकली नाही.
- गर्दीच्या धाकाने रद्द झालेला प्रयोग मात्र सहसा न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही.
- विरोध करणाऱ्यांचा पक्ष, विचार, जात किंवा धर्म प्रत्येक वेळी वेगळा असतो. एका नाटकाच्या वेळी बंदी मागणारे दुसऱ्या नाटकाच्या वेळी स्वातंत्र्याची बाजू घेताना दिसतात.

नाटकावर नियंत्रणाचा पहिला कायदा कुठून आला?

1876 मध्ये कलकत्त्यात. त्या सुमारास ब्रिटिश युवराज भारतभेटीवर आले होते. कलकत्त्यातले एक प्रतिष्ठित वकील जगदानंद मुखर्जी यांनी युवराजांना घरी बोलावलं आणि घरातल्या स्त्रियांकडून त्यांचं स्वागत करवलं. त्या काळी ही मोठी चर्चेची गोष्ट झाली. ग्रेट नॅशनल थिएटर या नाटक कंपनीने या प्रसंगावर ‘गजदानंद ओ युवराज’ हे प्रहसन केलं. सरकारने आधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोग अधिनियम आणला. बदनामीकारक, राजद्रोही किंवा अश्लील वाटणारा प्रयोग थांबवण्याचा अधिकार त्यामुळे सरकारला मिळाला.

त्याआधी दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ या नाटकाने निळीच्या मळेवाल्यांचे अत्याचार रंगमंचावर आणले होते. त्यामुळे नाटक लोकांपर्यंत किती वेगाने पोहोचतं, याची सरकारला कल्पना होती. वर्तमानपत्र वाचायला अक्षरओळख लागते, नाटक बघायला लागत नाही. सरकारची धास्ती तीच होती.

हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं पुस्तकात राहिला. कालबाह्य कायदे रद्द करण्याच्या मोहिमेत केंद्राने तो अलीकडे, 2017 च्या निरसन कायद्याने काढून टाकला.

मराठीत पहिलं नाटक कधी अडवलं गेलं?

एक महत्त्वाचं उदाहरण या कायद्याच्याही आधीचं आहे आणि त्यात पोलीस नव्हते. जोतीराव फुले यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. अडाणी शेतकरी जोडप्याला भट धर्माच्या नावाने कसा लुबाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारलं गेलं, असं फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहिलं.

या नाटकावर बंदी आली नाही, त्याविरुद्ध मोर्चाही निघाला नाही. ते फक्त लोकांपुढे आलं नाही. पुस्तकरूपाने ते वाचकांच्या हाती पडलं ते लिहिल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. नाटक थांबवण्याचा सगळ्यात गुपचूप मार्ग हाच आहे आणि त्याची बातमीही होत नाही.

‘कीचकवध’मध्ये असं काय होतं?

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’तले सहकारी. त्यांचं ‘कीचकवध’ 1907 मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. कथा महाभारतातली, सगळ्यांना पाठ असलेली. अज्ञातवासात सैरंध्री बनलेल्या द्रौपदीवर कीचकाची वाईट नजर पडते, युधिष्ठिर सबुरीचा सल्ला देतो आणि भीम कीचकाला ठार मारतो.

संहितेत एकही इंग्रज नव्हता. पण बंगालच्या फाळणीला दोनच वर्षं झाली होती. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. टाळ्या कुठल्या वाक्यांना पडतात यावरून सरकारलाही अर्थ कळला.

दरम्यान 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. जॅक्सन यांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपानिमित्त किर्लोस्कर मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग ठेवला होता. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या मुलीच्या लग्नाबद्दलचं, सामाजिक नाटक. त्याचा हत्येशी काही संबंध नव्हता. कान्हेरे आणि त्यांचे दोन साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आलं.

या हत्येनंतर सरकारने धोका न पत्करण्याचं ठरवलं आणि 1910 च्या सुरुवातीलाच 1876 च्या कायद्याचा वापर करून ‘कीचकवध’वर बंदी घातली. जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ‘शारदा’च्या वेळी, बंदी आली ‘कीचकवध’वर.

असं फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. ‘कीचकवध’ आलं त्याच 1907 सालच्या जानेवारीत डब्लिनच्या ॲबे थिएटरमध्ये जे. एम. सिंग यांच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’च्या प्रयोगात प्रेक्षकांनी गोंधळ घातला. आयर्लंडच्या ग्रामीण माणसाची आणि स्त्रियांची बदनामी होते, हा राष्ट्रवादी प्रेक्षकांचा आक्षेप होता. स्त्रीच्या अंतर्वस्त्राचा उल्लेख असलेल्या एका वाक्यावर राग उफाळला. पोलीस बोलवावे लागले, पण प्रयोग सुरू ठेवण्यात आले.

न्यू यॉर्कमध्ये 10 मे 1849 रोजी ॲस्टर प्लेस इथे तर ‘मॅकबेथ’च्या प्रयोगावरून दंगल पेटली. इंग्रज नट विल्यम मॅक्रेडी मोठा की अमेरिकन नट एडविन फॉरेस्ट, हे वादाचं निमित्त होतं. त्यामागे श्रीमंत आणि कष्टकरी यांच्यातला राग होता. सैनिकांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसं मेली. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये 1809 साली तिकीट महागलं म्हणून प्रेक्षकांनी दोन महिन्यांहून अधिक काळ रोज रात्री गोंगाट केला आणि शेवटी दर खाली आणायला लावले.

ब्रिटनमध्ये 1737 पासून नाटकांची पूर्वतपासणी होत असे. तिथे ती 1968 मध्ये कायद्याने बंद झाली. मात्र त्यानंतरही, 2004 च्या डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅममध्ये ‘बेझती’ या नाटकाला काही शीख निदर्शकांनी विरोध केला, तोडफोड झाली आणि थिएटरने उरलेले प्रयोग रद्द केले. सेन्सॉर गेला तरी गर्दीचा प्रश्न सुटत नाही, हे यातून दिसतं.

महाराष्ट्रात नाटकाला सेन्सॉर का आहे?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम केला. आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. करमणुकीच्या जागा आणि कार्यक्रम यांच्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी नियम करण्याचा अधिकार त्याच्या कलम 33 मध्ये आहे. नाटकाची संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत याच चौकटीत बसते. हे काम रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ करतं. बोलीभाषेत त्यालाच ‘सेन्सॉर’ म्हणतात.

लेखक किंवा निर्माता संहिता मंडळाकडे पाठवतो. सदस्य ती वाचतात, आक्षेपार्ह वाटलेली वाक्यं गाळायला किंवा बदलायला सांगतात आणि मग प्रमाणपत्र मिळतं. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांनाही ते लागतं. त्यामुळे गावातली छोटी नाट्यसंस्थाही या प्रक्रियेतून जाते.

अशी पूर्वपरवानगी देशातल्या बहुतेक राज्यांत लागत नाही. अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी 2016 मध्ये या पद्धतीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. पूर्वतपासणी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मूलभूत अधिकाराविरुद्ध आहे, असा त्यांचा मुद्दा होता. बाजूने बोलणारे म्हणतात की प्रमाणपत्र हे निर्मात्याचं संरक्षण आहे, कारण उद्या कुणी तक्रार केली तर सरकारी मंजुरीचा कागद हातात असतो. हे संरक्षण प्रत्यक्षात किती टिकतं, ते पुढच्या उदाहरणांतून कळेल.

1970 ते 1972: विजय तेंडुलकरांची तीन नाटकं

*गिधाडे (1970).* दिग्दर्शक श्रीराम लागू. पैशासाठी एकमेकांचे लचके तोडणारं कुटुंब हा विषय. त्यात मारहाणीत एका स्त्रीचा गर्भपात होतो आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. लाल डागाला सेन्सॉरने आक्षेप घेतला. मंडळींनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की सेन्सॉरमुळे डाग निळा आहे, तो तुम्ही लाल समजा. प्रेक्षकांच्या मनात तो डाग साध्या लाल डागापेक्षा जास्त ठसला.

*सखाराम बाइंडर (मार्च 1972).* दिग्दर्शक कमलाकर सारंग. सखारामच्या भूमिकेत निळू फुले, चंपाच्या भूमिकेत लालन सारंग. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरात ठेवणारा, लग्नसंस्था न मानणारा आणि तरीही घरात हुकूम चालवणारा बुकबाइंडर असा नायक मराठी रंगमंचाने पाहिला नव्हता. 13 प्रयोगांनंतर नाटक थांबवण्यात आलं. मंडळाने तीसहून अधिक काटछाटी सुचवल्या. त्या मान्य केल्या असत्या तर नाटकच उरलं नसतं. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण निकालानंतरही विरोध थांबला नाही. न्यायालयाने दिलेली परवानगी नाट्यगृहाच्या दारात पुन्हा मिळवावी लागली. हा सगळा लढा सारंगांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

*घाशीराम कोतवाल (16 डिसेंबर 1972).* पुण्याच्या भरत नाट्यमंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन अर्थात पीडीए या संस्थेने पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर यांचं, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. घाशीराम हा इतिहासातला खरा माणूस. पेशवाईत तो पुण्याचा कोतवाल होता. त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा संतापलेल्या लोकांनी 1791 मध्ये त्याला दगडांनी ठेचून मारलं.

नाटकात ब्राह्मणांची आणि नाना फडणवीसांची बदनामी होते, असा आक्षेप आला. तेंडुलकरांचं म्हणणं होतं की हे ऐतिहासिक नाटक नाही. सत्ताधारी स्वतःच्या सोयीसाठी घाशीराम कसे तयार करतात आणि काम झालं की कसे फेकून देतात, हे त्यांना दाखवायचं होतं. 19 प्रयोगांनंतर पीडीएनेच नाटक थांबवायचं ठरवलं. सेन्सॉरने अडवलं नव्हतं, न्यायालयानेही नाही. कलाकार बाहेर पडले, त्यांनी 1973 मध्ये थिएटर ॲकॅडमी ही नवी संस्था काढली आणि जानेवारी 1974 मध्ये नाटक पुन्हा उभं केलं.

1980 मध्ये नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा वाद पुन्हा पेटला. परदेशात महाराष्ट्राची बदनामी होईल म्हणून दौऱ्याला विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. शेवटी नाना फडणवीस हे थोर मुत्सद्दी होते आणि हे नाटक म्हणजे इतिहास नाही, असा खुलासा प्रयोगाआधी वाचून दाखवण्यात आला. पुढे ‘घाशीराम’ भारतीय रंगभूमीवरच्या महत्त्वाच्या नाटकांत गणलं गेलं.

‘नथुराम’च्या वेळी बाजू कशा बदलल्या?

प्रदीप दळवी यांचं ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ जुलै 1998 मध्ये रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक विनय आपटे, नथुरामच्या भूमिकेत शरद पोंक्षे. गांधीजींच्या मारेकऱ्याचं उदात्तीकरण होतं, असा काँग्रेस आणि इतरांचा आक्षेप होता. संसदेत आवाज उठला. तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं आणि केंद्रात भाजपच्या नेतृत्वाखालचं. केंद्राच्या सूचनेनंतर राज्य सरकारने काही दिवसांतच प्रयोग बंद केले.

2001 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि नाटक पुन्हा सुरू झालं. पुस्तकाच्या जप्तीविरुद्धचा खटला कायद्याच्या अभ्यासात ‘आनंद चिंतामणी दिघे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखला जातो. जप्तीचा आदेश न्यायालयाने रद्द केला. लेखकाचं मत पटत नसलं तरी तेवढ्यावर लिखाण दडपता येत नाही, हा या निकालाचा गाभा.

पुढची अनेक वर्षं या नाटकाच्या प्रयोगांबाहेर काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे कार्यकर्ते निदर्शनं करत राहिले. 1972 मध्ये ‘सखाराम’च्या बाजूने दिला गेलेला स्वातंत्र्याचा युक्तिवाद आता ‘नथुराम’चे समर्थक देत होते. तेंडुलकरांच्या नाटकांसाठी लढलेल्या अनेकांना ‘नथुराम’ अजिबात आवडत नव्हतं. आवडत नसलेल्या नाटकाच्या वेळीच या तत्त्वाची खरी परीक्षा होते.

गडकरी रंगायतनच्या स्फोटामागे काय होतं?

‘आम्ही पाचपुते’ हे संतोष पवार यांचं नाटक. पौराणिक पात्रांना घेऊन आजच्या जगण्याची खिल्ली उडवण्याची त्यांची शैली ‘यदाकदाचित’पासून लोकप्रिय होती. ‘यदाकदाचित’लाही देवादिकांची विटंबना होते म्हणून विरोध झाला होता. मराठी माणसाला हा प्रकार नवा नव्हता. तमाशातल्या गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची थट्टा गावोगाव पिढ्यानपिढ्या रंगत आली आहे.

4 जूनच्या काही दिवस आधी, 31 मे 2008 रोजी, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला होता. सांगलीत 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग करून मराठी रंगभूमीची सुरुवात करणाऱ्या विष्णुदासांच्या नावाचं हे नाट्यगृह. त्याआधी फेब्रुवारीत ‘जोधा अकबर’ सिनेमा सुरू असताना पनवेलच्या चित्रपटगृहात स्फोट झाला होता. तिन्ही घटनांचा तपास दहशतवादविरोधी पथकाने केला. आरोपी सनातन संस्था आणि हिंदू जनजागृती समितीशी संबंधित असल्याचं तपास यंत्रणेचं म्हणणं होतं. संस्थेने आपला सहभाग नाकारला. 2011 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि चौघांना निर्दोष सोडलं.

नाटकाकडे परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असणं म्हणजे पूर्ण संरक्षण, हा समज या घटनेने खोटा ठरवला.

अलीकडचं उदाहरण कोणतं?

2 फेब्रुवारी 2024 रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा भाग म्हणून एक नाटक सादर होत होतं. रामलीलेत काम करणाऱ्या नटांचं पडद्यामागचं जगणं हा त्याचा विषय. सीतेची भूमिका करणारा नट सिगारेट ओढताना आणि शिव्या देताना दाखवल्यावरून अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला. प्रयोग थांबला, धक्काबुक्की झाली. त्यानंतर धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला.

इथे तिकीटविक्री नव्हती, जाहिरात नव्हती, प्रेक्षक मोजके होते. तरीही परीक्षेसाठी रंगमंचावर उभे राहिलेले विद्यार्थी पोलीस कोठडीत गेले.

न्यायालयांनी काय सांगितलं आहे?

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल सिनेमाबद्दलचे असले तरी नाटकालाही लागू पडणारे आहेत.

पहिला 1989 चा, ‘एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम’. आरक्षण धोरणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाला विरोध झाला होता. निदर्शनं होतील, हिंसा होईल, या भीतीपोटी अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. कायदा-सुव्यवस्था राखणं हे राज्याचं काम आहे. ते जमत नाही ही सबब चालणार नाही.

दुसरा 2019 चा. ‘भोबिश्योतेर भूत’ हा बंगाली उपहासपट प्रमाणपत्र असूनही पश्चिम बंगालमधल्या चित्रपटगृहांतून अचानक उतरवला गेला. पोलिसांच्या दबावाने हे झालं, असं निर्मात्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला 20 लाख रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितलं.

या निकालांचा अर्थ सोपा आहे. शंभर माणसं दारात उभी राहिली तर पोलिसांनी प्रयोग बंद करायचा नसतो. प्रेक्षकांना आत जाण्यासाठी आणि निदर्शकांना शांतपणे बाहेर उभं राहण्यासाठी जागा करून द्यायची असते.

मग प्रयोग रद्द का होतात?

कारण न्यायालयाचा निकाल यायला महिने लागतात आणि प्रयोग संध्याकाळी असतो. निर्मात्याने नाट्यगृहाचं भाडं भरलेलं असतं, जाहिरात दिलेली असते, बस आणि नेपथ्याचा टेम्पो निघालेला असतो. प्रयोग रद्द झाला की तिकिटांचे पैसे परत जातात. कलाकाराची ‘नाइट’ बुडते. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य आणि वेशभूषा सांभाळणाऱ्या पडद्यामागच्या माणसाचं तर पोटच प्रयोगांच्या संख्येवर चालतं.

म्हणून दुसऱ्या दिवसाच्या तारखा वाचवण्यासाठी निर्माता तडजोड करतो. एखादं वाक्य गाळतो, नाव बदलतो किंवा त्या गावातला प्रयोगच सोडून देतो. याची कुठे नोंद होत नाही. पुढचा लेखक मात्र संहिता लिहितानाच ते वाक्य टाळतो.

मीरा-भाईंदरमध्ये जबाबदारी कुणाची?

मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असलं तरी 2020 पासून इथे मीरा-भाईंदर, वसई-विरार असं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे एखाद्या प्रयोगाला धमकी आली तर बंदोबस्ताची जबाबदारी या आयुक्तालयाची. संहितेच्या मंजुरीचा प्रश्न राज्याच्या परिनिरीक्षण मंडळाचा.

मराठी, गुजराती, हिंदी आणि इतर अनेक भाषा बोलणारी माणसं या शहरात शेजारी राहतात. जुलै 2025 मध्ये मीरा रोडला भाषेच्या मुद्द्यावरून आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी भाषकांचा मोर्चा निघाला, तेव्हा अख्ख्या राज्याचं लक्ष इथे लागलं होतं. अशा शहरात एका समूहाला हसवणारं वाक्य दुसऱ्याला बोचू शकतं. म्हणूनच कोण काय थांबवू शकतो, हे नियम इथल्या प्रेक्षकाला ठाऊक असलेले बरे.

नेहमी पडणारे प्रश्न

*नाटकाविरुद्ध निदर्शनं करणं बेकायदा आहे का?*
नाही. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा आणि मत मांडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये आहे. पत्रकं वाटता येतात, टीका लिहिता येते, तिकीट न काढण्याचं आवाहन करता येतं. प्रेक्षकांना अडवणं, रंगमंचावर चढणं, धमकी देणं किंवा तोडफोड करणं हे गुन्हे आहेत.

*सेन्सॉर प्रमाणपत्र असताना गुन्हा दाखल होऊ शकतो का?*
तक्रार होऊ शकते. धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने दुखावल्याबद्दलचं जुनं कलम 295अ आता भारतीय न्याय संहितेत कलम 299 आहे. फक्त भावना दुखावल्या असं म्हणून भागत नाही, तसा हेतू सिद्ध करावा लागतो.

*पथनाट्याचं काय?*
पथनाट्याला दार नसतं, त्यामुळे त्याला धोका जास्त. 1 जानेवारी 1989 रोजी दिल्लीजवळच्या साहिबाबादमध्ये ‘हल्ला बोल’ या पथनाट्याच्या प्रयोगावर हल्ला झाला. जखमी झालेले सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी मरण पावले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, त्यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी यांनी सहकलाकारांसह त्याच जागी जाऊन तो प्रयोग पूर्ण केला.

*न पाहता नाटकाला विरोध करता येतो का?*
कायदा त्याला मनाई करत नाही. पण मोबाइलवर आलेल्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून दोन-अडीच तासांच्या नाटकाचा अंदाज येत नाही. ‘घाशीराम’वर आक्षेप घेणाऱ्यांना ते ब्राह्मणांविरुद्धचं नाटक वाटलं. ज्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं, त्यातल्या अनेकांना ते सत्तेबद्दलचं वाटलं.

कालपट

- 1855: फुल्यांचं ‘तृतीय रत्न’, दक्षिणा प्राइज कमिटीकडून नाकारलं गेलं
- 1876: नाट्यप्रयोग अधिनियम
- 1907: ‘कीचकवध’ रंगभूमीवर
- 1909: नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सन यांची हत्या
- 1910: ‘कीचकवध’वर बंदी
- 1951: मुंबई पोलीस अधिनियम
- 1970: ‘गिधाडे’ आणि निळा डाग
- 1972: ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’
- 1998: ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ बंद
- 2001: उच्च न्यायालयाने बंदी उठवली
- 2008: गडकरी रंगायतनात स्फोट
- 2016: पूर्वतपासणीविरुद्ध अमोल पालेकर यांची याचिका
- 2024: पुणे विद्यापीठातील प्रयोग बंद पाडला, विद्यार्थ्यांना अटक

या यादीतलं ‘कीचकवध’ आज अभ्यासक्रमात आहे, ‘घाशीराम’ आणि ‘सखाराम’ची अनेक भाषांत भाषांतरं झाली आहेत आणि गडकरी रंगायतनात स्फोटानंतरही तिसरी घंटा वाजत राहिली. ज्या नाटकांना संस्था, न्यायालय किंवा हट्टी निर्माता मिळाला, ती टिकली. ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही, त्यांची नावं कुठल्याच कालपटात सापडत नाहीत.